तीन अंगांच्या बोटीतलं सागवान

मी सुतार आहे. अणदूरला हायवेच्या कडेला माझं दुकान आहे. तीस वर्षं झाली, दारं, चौकटी, पलंग, देव्हारे करतोय. माझं दार उभं करायला चार माणसं लागतात, असं मी गिऱ्हाइकांना मोठ्या कौतुकानं सांगायचो. आता सांगत नाही. का सांगत नाही, ते एकदा लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं.

आमच्या गल्लीतली एक बहीण आहे. सख्खी नाही, पण लहानपणापासून मला राखी बांधते. लग्नानंतर ती धाराशिवला शाळेत शिक्षिका झाली. तिची एकुलती एक मुलगी मला मामा म्हणते. ही पोरगी बाहेर शिकायला गेली आणि बोटींचं डिझाईन करणारी इंजिनिअर झाली. धरणातल्या मासेमाराच्या होडीपलीकडं आमच्याकडं कुणी बोट जवळून बघितलेली नाही, त्यामुळं पोरगी नक्की काय करते हे तिच्या आईलाही धड सांगता यायचं नाही.

एका दुपारी ती नकाशांची गुंडाळी घेऊन दुकानात आली.

"मामा, एक काम आहे. तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला द्यायचं मनात न्हाय."

पुण्याच्या एका निवृत्त डॉक्टरांना आणि त्यांच्या बाईंना समुद्रावर राहायचं होतं. महिनोन्‌महिने, किनाऱ्यापासून लांब. त्यांच्यासाठी तिनं शिडाची बोट काढली होती. स्वतःच्या नावावरचं तिचं हे पहिलं डिझाईन. बोटीचं अंग कोकणात एका खाडीकाठच्या कारखान्यात तयार होत होतं. आतलं सगळं लाकूडकाम मी अणदूरला करावं आणि मग तिकडं नेऊन बसवावं, असं तिचं म्हणणं होतं.

तिनं दुकानातला भुसा झाडून घेतला आणि खडूनं फरशीवर बोट काढली.

"कोकणात होडीच्या एका बाजूला उलांडी असते बघा, तोल राखायला. हिला दोन्ही बाजूंना हाय. मधलं मोठं अंग, त्यात माणसं राहणार. दोन्हीकडं पसरलेले आडवे हात, आणि हातांच्या टोकाला ही दोन बारीक, लांब अंगं. तीन अंगांची बोट. ट्रायमरान म्हणतात."

"आणि तळाला काय?"

"तळाला काही न्हाय. एका अंगाच्या बोटीला उलटू नये म्हणून खाली टनानं शिसं लावतात. हिला शिसंच न्हाय. ही आपल्या रुंदीवर उभी राहते. म्हणून हलकी, आणि म्हणून पळते. पण आत वजन वाढलं की हे आडवे हात पाण्याजवळ येतात, मग खालून लाटा त्यांच्यावर आपटतात. मामा, बाकी काहीही चुकलं तरी चालंल. वजन चुकवू नका."

मी मान डोलावली. ऐकलं म्हणण्यापेक्षा, तिच्या बोलण्याकडं कौतुकानं बघत बसलो. हीच पोरगी फ्रॉकमध्ये माझ्या दुकानात रंध्याच्या सालींच्या बांगड्या करून घालायची.

तिच्या नकाशावरून आम्ही दुकानामागच्या शेडमध्ये बोटीच्या पोटाचा सांगाडा उभा केला. अकरा वाकड्या फळ्या ओळीनं, अंतरा-अंतरानं. त्या आतल्या आकारात कपाटं, बाकं, ओटा बसवून बघायचा होता. एवढी वर्षं गुण्या लावून काटकोनात काम केलेला मी, आणि त्या पोटात एकही काटकोन नाही. खाली पायांच्या जागी जेमतेम दोन फूट रुंदी, तिथून वर भिंती फाकत गेलेल्या. खाली उभं राहायचं, आणि वर जिथं आडवे हात सुरू होतात त्या खोलगटीत बिछाना घालून झोपायचं. मधल्या बैठकीतून लाकडी खांबासारखी एक उभी पेटी वरपासून खालपर्यंत जात होती. वाऱ्यानं बोट बाजूला सरकू नये म्हणून तिच्यातून बोटीची एक फळी पाण्यात सोडायची आणि वर ओढून घ्यायची सोय होती. जेवणाचं टेबल त्या पेटीलाच टेकवलेलं. टेबलाच्या कडेला इंचभर उंच काठ, ताटं घसरू नयेत म्हणून. खण नुसते ओढून उघडायचे नाहीत, आधी उचलायचे आणि मग ओढायचे. म्हणजे बोट हलली तरी ते आपोआप बाहेर येत नाहीत. फरशीत एक झाकण होतं, त्याची तर मला गंमत वाटायची. बोट कधी पुरी उलटलीच तर आतल्या माणसांना तेच दार.

त्या कामाची मला गोडी लागली, हे खरं आहे. रोज सकाळी चहा घेतला की मी त्या सांगाड्यात जाऊन उभा राहायचो.

मग फोमच्या पाट्यांचा टेम्पो आला. मधे फोम, दोन्ही बाजूंना कागदासारखं पातळ लाकूड, रेझिनच्या गोंदानं चिकटवलेलं. सगळं सामान ह्याच पाट्यांचं करायचं, कडेला फक्त हलक्या लाकडाची बारीक पट्टी. दाराएवढी पाटी मी एका हातानं उचलली आणि मला कसंतरीच झालं.

माझ्या शेजारी एका आडत्याचं दुकान आहे. सोयाबीन, तूर, हरभरा. तो बघायला आला, पाटीवर टकटक केली आणि हसला.

"हे काय, गणपतीचं मखर करताय का? थर्माकोल दिसतंय."

"बोटीचं हाय."

"समुद्रात जायचं, आणि हे घेऊन? मिस्त्री, लोक तुमचं नाव काढतील. पण कसं काढतील ते बघा."

तो सहज बोलून गेला. मला मात्र ते लागलं. त्या दिवशी जो येईल तो पाटीवर टकटक करतोय असंच वाटायला लागलं. मी पोरीला फोन केला आणि पाट्या फार नाजूक आहेत म्हणालो. तिनं शांतपणे सांगितलं, नाजूक नाहीत, त्यांच्यावर उभं राहून बघा. मी उभा राहिलो. पाटी वाकलीसुद्धा नाही. तरी माझं समाधान झालं नाही.

माझ्याकडं सागवान होतं. जुन्या इमारतीचं, चाळीस-पन्नास वर्षं मुरलेलं. चांगल्या कामासाठी म्हणून जपून ठेवलं होतं. पुढच्या खोलीतल्या कपाटाची चौकट मी त्याची केली. मनात म्हटलं, एवढ्यानं काय होतंय. मग दार आलं, ते बारा मिलीमीटरच्या प्लायचं केलं. मग बिछान्याखालच्या पेट्या, मग टेबल, मग पायाखालच्या फळ्या. वरून पांढरा रंग, कडेला सागाची पट्टी. बघणाऱ्याला नकाशातल्यासारखंच दिसायचं. सागवानाचे मी पैसेही लावले नाहीत. पोरीला भेट देतोय असं मला वाटत होतं. ती एक दिवस हात फिरवून बघील आणि म्हणेल, मामा, हे तर अस्सल हाय.

बायको जेवणाचा डबा घेऊन शेडमध्ये यायची. तिनं एकदा विचारलं, "पाट्या तिकडं पडून हायत आणि तुम्ही हे काय वापरताय?"

"पक्कं व्हावं म्हणून."

"तिनं तसं सांगितलंय का?"

"तिला काय कळतंय लाकडातलं?"

"बोटीतलं कळतंय की तिला," बायको म्हणाली. मी तिला डबा ठेवून घरी जायला सांगितलं. ज्या आवाजात सांगितलं, तो आवाज आठवला की अजून मान खाली जाते.

प्रत्येक वस्तू झाली की वजन करून मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहायचं, असं ठरलं होतं. आडत्याच्या काट्यावर मी वस्तू ठेवायचो. कपाट एकोणतीस किलो भरलं. नकाशात अकरा होतं. मी अकरा लिहिलं. आडत्यानं काट्याचा आकडा बघितला, माझी पेन्सिल बघितली आणि परत आपल्या पोत्यांकडं वळला. पुढच्या वस्तू मी काट्यावर नेल्याच नाहीत. नकाशातला आकडा बघून सरळ लिहून टाकायचो. संध्याकाळी पोरगी फोनवर आकडे विचारायची, मी वाचून दाखवायचो. "मामा, कमाल केली तुम्ही, एक किलोसुद्धा इकडं-तिकडं न्हाय," ती म्हणायची. उरलेल्या फोमच्या पाट्या मी शेडच्या मागं ताडपत्रीखाली झाकून ठेवल्या. आपण लपवतोय हे मला चांगलं कळत होतं.

सामान टेम्पोनं कोकणात गेलं. मी माझे दोन कारागीर घेऊन गेलो आणि बारा दिवसांत सगळं बसवलं. उचलायला कारखान्याच्या लोकांना हात लावू दिला नाही. त्यांच्यातला एक म्हातारा मिस्त्री म्हणाला, "जड वाटतंय हो तुमचं सामान." मी म्हणालो, "चांगलं काम जडच असतं." त्यानं माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि निघून गेला.

पहिल्यांदाच ती बोट अख्खी बघत होतो मी. शेडमधून बाहेर काढली तेव्हा पसरलेल्या हातांनी ती एवढी रुंद दिसली की आमचा अणदूरचा रस्ता तिला पुरला नसता. आत डॉक्टरांच्या बाईंनी कपाटांवरून हात फिरवला. "किती सुंदर केलंय!" मी हात जोडले.

भरतीला बोट पाण्यात सोडली. नारळ फुटला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पेढ्यांचं ताट माझ्या हातात होतं. पाणी शांत झाल्यावर पोरगी धक्क्याच्या कडेला गुडघ्यावर बसली आणि बघतच राहिली. बोटीच्या अंगावर पाणी कुठवर यावं ह्याची एक निळी रेघ रंगवलेली होती. मागं ती रेघ बरोबर दिसत होती. पुढं पाण्याखाली गेली होती. बोटीचं नाक चांगलं तीन इंच खाली होतं. सगळ्यात जड कपाटं आणि पेट्या मी पुढच्याच खोलीत बसवल्या होत्या.

तरी दुसऱ्या दिवशी डॉक्टर, त्यांच्या बाई आणि पोरगी बोट घेऊन खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन आले. मीही बोटीवर होतो. वाऱ्यात बोट पळायच्या ऐवजी नाक खुपसत होती. आडव्या हातांच्या पोटावर खालून लाट बसली की हातोडा मारल्यासारखा आवाज व्हायचा. डॉक्टरांच्या बाईंनी कठडा घट्ट धरला होता.

धक्क्याला लागल्यावर डॉक्टर पोरीला म्हणाले, "हे असं होणार नाही, हे तुम्ही मला लिहून दिलं होतं."

"हो सर."

"मग?"

तिनं लॅपटॉप उघडला होता. तिचे कान लाल झाले होते. "पुढच्या भागाचं वजन कुठंतरी जास्त झालंय सर. मी परत मांडून बघते."

डॉक्टर माझ्याकडं वळले. "मिस्त्री, तुमच्या सामानाचं वजन किती?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. पोरीनंही मान वर केली. तेवढा एक क्षण मला मिळाला होता.

"लिहिलंय तेवढंच हाय साहेब," मी म्हणालो.

ती परत लॅपटॉपकडं वळली. "मग माझ्याच हिशेबात चूक असणार," ती म्हणाली. डॉक्टर जे बोलले ते मी इथं लिहीत नाही. आवाज न चढवता बोलले, पण तसं कुणी माझ्या मुलीला बोललं असतं तर मी त्याची कॉलर धरली असती. तिथं मी दोरीच्या गुंडाळीकडं बघत उभा राहिलो. संध्याकाळच्या गाडीनं कारागिरांना घेऊन परत आलो.

पुढच्या दोन महिन्यांत तिचा एकदाच फोन आला. "मामा, एखाद्या वस्तूचं वजन लिहायचं राहिलं का? रागावू नका, नुसतं विचारते." मी म्हणालो, "न्हाय गं." ती सॉरी म्हणाली. तीच मला सॉरी म्हणाली.

आमचा खंडोबा वर्षातला काही काळ शेजारच्या गावी असतो; तो अणदुरात असताना तिची आई दर्शनाला आली. देवळातून नेहमीप्रमाणं आमच्याकडं आली. चहा घेता घेता तिचे डोळे भरून आले.

"भाऊ, पोरगी घरी येऊन बसलीय. डिझाईनचं काम सोडते म्हणते. डॉक्टर लोकांना सांगत फिरतात, हिच्या हिशेबावर भरवसा ठेवू नका म्हणून. सारखी तेच तेच कागद काढून बघत बसते. चूक सापडत न्हाय म्हणते. तू तिला लहानपणापासून बघतोस. तू समजाव तिला."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मला तिच्याकडं वर मान करून बघणं अवघड होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी धाराशिवला गेलो. स्टँडवरून तिच्या घरापर्यंत चालत गेलो, रिक्षा केली नाही, तेवढाच वेळ लांबावा म्हणून. बहीण शाळेत गेली होती. पोरगी टेबलाशी बसली होती. समोर त्याच बोटीचे कागद, कडेला पेन्सिलीनं बारीक आकडे, खोडून परत लिहिलेले.

"मामा? अचानक?"

मी बसलो नाही. बसलो असतो तर बोलणं झालं नसतं.

"चूक सापडायची न्हाय तुला," मी म्हणालो. "तुझ्यात न्हायच ती. म्या सागवान घातलंय. प्लाय घातलाय. वजनं खोटी लिहिली."

ती रडेल, ओरडेल, असं वाटलं होतं. तिनं एक कोरा कागद ओढला आणि विचारलं, "कुठं कुठं?"

मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. पुढची कपाटं. पेट्या. टेबल. फळ्या. मधला दरवाजा. खरं वजन किती, ते एका कपाटाशिवाय मला माहीत नव्हतं. बाकीचं लाकडाच्या मापावरून तिनंच काढलं. बेरीज करून तिनं ती लॅपटॉपमध्ये घातली. पडद्यावरच्या बोटीचं नाक खाली गेलं होतं. तीन इंच.

मग तिनं पेन्सिल खाली ठेवली.

"डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं तेव्हा मी तुमच्याकडं बघत होते, मामा."

"माहीत हाय."

"फोन केला तेव्हा पण विचारलं मी."

मी मान हलवली.

"मी सांगितलं होतं वजन चुकवू नका म्हणून. मग का केलं? तुमचा विश्वास न्हवता का माझ्यावर?"

लोक हसत होते, भेट म्हणून घातलं, पक्कं व्हावं म्हणून घातलं, असं सांगता आलं असतं. यातलं काही खोटंही नव्हतं. पण तिनं जे विचारलं होतं त्याचं उत्तर वेगळं होतं.

"न्हवता," मी म्हणालो. "पोरीच्या जातीला काय कळतंय, असं वाटलं मला."

ती उठून आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. तिनं डॉक्टरांचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. मी तिच्यासमोरच सगळं सांगितलं. मग डॉक्टर म्हणाले, "आधी तिला फोन द्या. मला तिची माफी मागायची आहे. तुमच्याशी नंतर बोलतो."

माझ्याशी ते जे बोलले ते मी ऐकून घेतलं. मग त्यांना म्हणालो, मी येतो, सगळं काढतो, नकाशाप्रमाणं करून देतो.

ताडपत्रीखालच्या पाट्या घेऊन मी परत कोकणात गेलो. दीड महिना बोटीतच काम केलं. बसवताना जेवढी अक्कल लावली होती त्याच्या दुप्पट काढताना लागली. लाकडाचे सांधे मीच एवढे पक्के केले होते की सुटता सुटत नव्हते. काढलेली प्रत्येक वस्तू आणि नवीन केलेली प्रत्येक वस्तू पोरगी स्वतः टांगत्या काट्याला लावून मोजायची आणि आकडा मोठ्यानं म्हणायची. पहिल्याच दिवशी कारखान्याच्या लोकांना सगळं कळलं होतं. तो म्हातारा मिस्त्री मला दुपारी जेवायला शेजारी बसवायचा, पण सामानाबद्दल त्यानं कधी अवाक्षर काढलं नाही. त्यानं चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

फोमच्या पाट्यांचं काम करताना कळलं की ते सोपं नव्हतंच. कड फोडायची नाही, स्क्रूसाठी फोम कोरून आत रेझिन भरायचं, प्रत्येक गोलाई तासून आणायची. सागवानात चुकलं तर जे पट्टी मारून झाकता येतं, ते इथं झाकता येत नव्हतं. मला जमलं ते मात्र चांगलं जमलं, एवढं म्हणतो.

बोट पुन्हा पाण्यात उतरली तेव्हा निळी रेघ पुढून मागपर्यंत पाण्याच्या वर सारखी दिसत होती. ह्या वेळी नारळ-पेढे नव्हते. डॉक्टर बोटीवरून पोरीशी हसून बोलत होते. तिनं धक्क्यावर वाकून दोन-तीनदा रेघ तपासली. मी अवजारं पिशवीत भरत होतो. ती माझ्याकडं येईल, काहीतरी बोलेल, असं वाटत होतं.

ती आली. "मामा, तुमची गाडी साडेपाचला हाय. मी सोडते स्टँडवर."

तिच्या स्कूटरवर मागं अवजारांची पिशवी मांडीवर घेऊन बसलो. स्टँडवर तिनं मला पाण्याची बाटली घेऊन दिली, जागा धरून दिली. एरवी निघताना वाकून नमस्कार करायची. त्या दिवशी केला नाही. मीही पाय मागं घेऊन बसलो होतो, वेळ येऊ नये म्हणून.

ह्याला आता दोन वर्षं झाली. डॉक्टर आणि त्यांच्या बाई समुद्रावरच आहेत, असं बहिणीकडून कळतं. पोरीनं त्यानंतर आणखी दोन बोटी काढल्या. त्यांचं आतलं काम कोकणातला कुणीतरी मिस्त्री करतो. दिवाळीला तिचा फोन येतो, मामीची चौकशी करते, गुडघ्याचं कसं आहे विचारते. कामाचं ती काढत नाही. मीही विचारत नाही.